आकडेवाल्या बाई

इंदू सामंत नव्या माणसाला नाव, गाव, पगार यातलं काहीही विचारत नसे. ती विचारायची, "तुमचा आवडता आकडा कोणता?" आणि उत्तर मिळेपर्यंत समोरच्याच्या तोंडाकडे अशी बघत राहायची, की माणसाला काहीतरी सांगून टाकावंच लागे.

मुलुंडच्या एका मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, त्या पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत हा प्रश्न माझ्या डब्यावर येऊन आदळला. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, आधीच सगळ्यांच्या डोक्यात गोंधळ होता. त्यात ही लहानखुरी, चापून अंबाडा घातलेली, डाव्या बाहीला खडूची भुकटी लागलेली बाई माझ्यासमोर बसून आकडा मागत होती.

"गणिताचा आणि माझा काही संबंध नाही हो," मी म्हटलं.

"गणित कोण विचारतंय? आकडा विचारला."

"आठ," मी सुटका करून घेतली.

"का?"

"का म्हणजे? आला तोंडात."

तिनं पिशवीतून निळ्या पुठ्ठ्याची जाडजूड वही काढली. पानावर तीन रकाने आखलेले होते: नाव, आकडा, कारण. तिनं मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं, 'शालिनी — आठ — आला तोंडात.' मग पेनाला टोपण लावत म्हणाली, "चांगला आहे. घराच्या छपरासारखा दिसतो. पावसाळ्यात बरा." आणि माझ्या डब्यातली भेंडीची भाजी न विचारता खाऊ लागली. आठवड्याभरात आम्ही एकमेकींना अगंतुगं करू लागलो.

इंदू मूळची मालवणकडची. वडील गेल्यावर आईला घेऊन मुलुंडला आली होती, पाइपलाइनजवळच्या चाळीत दोन खोल्यांत राहायची. घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत तिची पावलं भरायची एक हजार तीनशे एकतीस. अकराला अकरानं गुणा, परत अकरानं गुणा, की एवढेच येतात. आणि उलटे वाचले तरी तेच राहतात. हा योगायोग तिला इतका आवडला होता की तो रोज घडलाच पाहिजे असा तिचा हट्ट असायचा. शेवटची पाच-सात पावलं ती कधी ढांगा टाकत, तर कधी बोटभर अंतरानं पाय ठेवत फाटकात शिरायची. नव्या पालकांना वाटे, बाईंच्या चपलेचा अंगठा तुटला आहे. एकदा तर एका सज्जन गृहस्थांनी तिला हात धरून आत आणून सोडलं आणि तिची चार पावलं चुकवली. दिवसभर ती त्यांच्यावर धुसफुसत होती.

तिच्या वर्गाशेजारीच माझा वर्ग असल्यानं भिंतीपलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. ती मारत नसे, ओरडत नसे, पण हसायचा आवाज इतका यायचा की माझ्या करुणरसाच्या कविता वाया जायच्या. पाढ्यांची तिला भारी हौस. पावकी, निमकी, दिडकी तर होतीच, पण साडेतिनाचा पाढा, म्हणजे औटकी, ही तिची खास लाडकी. नवीन आलेल्या एका मुलीला तिनं विचारलं, "तुला औटकी येते का गं?" मुलगी बिचारी उभी राहून म्हणाली, "नाही बाई, आमच्या घरी मुली क्रिकेट खेळत नाहीत." इंदूला हसू आवरेना. पाच मिनिटं ती फळ्याकडे तोंड करून उभी राहिली. वर मला सांगते कशी, "तिचं काय चुकलं गं? आपण साडेतिनाला औट म्हणणं सोडलंय, आणि आउट म्हणायला शिकलोय."

एकदा सहामाहीत एका मुलीला एकोणतीस गुण मिळाले. पोरगी रडून रडून लाल झाली. इंदूनं तिला जवळ घेतलं नाही, डोळेही पुसले नाहीत. फळ्यावर एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस असं करत नव्व्याण्णवपर्यंत लिहून काढलं आणि म्हणाली, "हे बघ, आपल्या भाषेत एकोणतीसला स्वतःचं नावच नाही. त्याला आपण 'तिसाला एक कमी' म्हणतो. म्हणजे तो विशीतला उरलेला नाही, तिशीत निघालेला आहे. सगळे नऊवाले असेच, पुढच्याच्या नावावर जगतात. एक नव्व्याण्णवच काय तो मानी. शंभर एवढा शेजारी असून त्याचं नाव घेत नाही." मुलगी रडायची थांबली आणि नव्व्याण्णवकडे बघत राहिली. तिचे गुण पुढे फारसे वाढले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण गणिताच्या तासाला तिचं पोट दुखायचं, ते थांबलं.

दर सोमवारी इंदूचा नवा आकडा असायचा. शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर ती तो लिहायची आणि आम्ही विचारेपर्यंत गप्प बसायची. आम्हीही मुद्दाम विचारत नसू. मग दुसऱ्या तासाला तिलाच राहवायचं नाही. "अगं, सदतीसला तिनानं गुणून तर बघा! एकशे अकरा! सहानं गुणा, दोनशे बावीस! नवानं गुणा!" शिवणाच्या बाई तेवढ्यात सुईत दोरा ओवत म्हणायच्या, "तीनशे तेहतीस. कळलं. आता बसा."

असं सगळं आनंदात चाललेलं असताना त्या 'आकडा' शब्दानंच घात केला.

त्या काळात मुंबईत आकडा म्हटलं की चारचौघांच्या डोळ्यांसमोर पाटी-पेन्सिल येत नसे. परदेशातून तारेनं कापसाचा भाव यायचा आणि त्याच्या शेवटच्या आकड्यावर लोक चोरून पैजा लावायचे. कोपऱ्याकोपऱ्यावर वहीत नाव आणि आकडा लिहून घेणारी माणसं असत. ही गोष्ट मुलुंडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होती. ठाऊक नव्हती ती फक्त इंदूला. तिला कापूस ठाऊक होता तो वातीचा.

तिच्या चाळीत बाबल्या नावाचा गिरणीतून सुटलेला एक गडी राहायचा, तिच्याच गावाकडचा. एके सकाळी नळावर त्यानं तिला विचारलं, "बाय, आज खयचो आकडो?"

इंदूचा चेहरा खुलला. आजवर ती लोकांना विचारत आली होती. तिला कोणी पहिल्यांदाच विचारत होतं. "नव!" ती म्हणाली. "अरे बाबल्या, नवाक कशानंय गुण, येतले ते आकडे मिळवत ऱ्हव, शेवटाक परत नवच उरता. बघ, नव साती त्रेसष्ट. सहा आनि तीन?"

"नव," बाबल्या म्हणाला आणि बादली तिथंच टाकून गेला.

त्या दिवशी नऊ आला. पुढच्या आठवड्यात तिनं सात सांगितला, तोही आला. तिसऱ्या आठवड्यात इंदूच्या दारात सकाळी सात वाजता पंधरा माणसं बसलेली! ती मला शाळेत येऊन सांगायला लागली, "शालू, लोकांना गणिताची गोडी लागली गं! एकानं तर नारळ आणला." आणि हिची तऱ्हा अशी, की आकडा आधी सांगायचा नाही. आधी दहा मिनिटं त्या आकड्याचं चरित्र. ती माणसं बिचारी मांडी घालून सगळं ऐकून घ्यायची. पाच मिळवायचे की वजा करायचे याची पर्वा नसलेल्या त्या लोकांनी मूळसंख्या म्हणजे काय हे तोंडपाठ केलं होतं. एकानं तर हात वर करून शंकाही विचारली होती, असं ती डोळ्यांत पाणी आणून सांगत होती.

मी हे घरी सांगितलं तेव्हा माझा भाऊ जेवता जेवता ठसका लागून उठला. "अगं, ती आकडे देतेय! लोक लावतायत! वाट लागणार तुझ्या मैत्रिणीची!"

मी दुसऱ्या दिवशी शाळेत जाते तो वाट लागलेलीच होती. आदल्या आठवड्यात इंदूनं सांगितलेला चार आला नव्हता. कोणाचं तरी डोकं फिरलं होतं आणि शाळेच्या समितीकडे निनावी पत्र गेलं होतं: 'आपल्या शाळेच्या शिक्षिका सामंतबाई राजरोस आकडे घेतात. त्यांच्याजवळ निळी वही आहे. त्यात सर्वांची नावे आहेत.'

यातला शब्द न् शब्द खरा होता.

इंदू आधी खूप हसली. मग मी तिला पत्राचा अर्थ नीट समजावला, तशी ती हसायची थांबली. नोकरी गेली तर मुलुंड सुटणार, हे तिला लगेच कळलं. गावाहून काकांचं दर महिन्याला पत्र यायचं, की पुरे झाली ती मुंबई, आईला घेऊन ये, इथं एक बिजवर बघून ठेवला आहे. शाळा होती म्हणून ती त्या पत्रांना उत्तर देत नव्हती. "तिथं मी कोणाला काय विचारू गं?" एवढंच ती म्हणाली. मला तेव्हा तिची फार दया आली आणि रागही आला. एवढी हुशार बाई, आणि चाळीत काय चाललंय ते हिला दिसू नये!

शनिवारी शाळा सुटल्यावर समितीची सभा भरली. माझं अक्षर बरं म्हणून इतिवृत्त लिहायला मला बसवलं होतं. मधल्या खुर्चीत अध्यक्ष दादासाहेब. निवृत्त शिरस्तेदार, पांढऱ्या मिशा, आणि समोरच्याकडे न बघता बोलायची सवय. त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या एका बाजूला चिटणीस, दुसऱ्या बाजूला आमच्या मोठ्या बाई. इंदूनं निळी वही स्वतःच टेबलावर ठेवली.

चिटणीसांनी ती उघडली आणि एखाद्या गुन्ह्याचा पंचनामा वाचावा तसं वाचू लागले. "शेवंता भाजीवाली, बावीस. शिंदे पोस्टमन, शून्य. गंगूबाई धुणंवाली, त्रेसष्ट. शाळेची शिपाईण मावशी, दोन. मोठ्या बाई, पाच..."

ते थांबले. सगळ्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिलं.

"तुम्हीसुद्धा लावता?" चिटणीसांनी घाबऱ्या आवाजात विचारलं.

"अहो, काहीतरीच काय!" मोठ्या बाई खुर्चीतून उठल्याच. "पुढं काय लिहिलंय ते वाचा ना!"

"अक्षर फार बारीक आहे."

"शालिनीबाईंना द्या," दादासाहेब छताकडे बघत म्हणाले.

मी वही हातात घेतली आणि तिसरा रकाना वाचला. मोठ्या बाई, पाच: शाळा पाचला सुटते. शिपाईण मावशी, दोन: चहाचे कप, एक स्वतःचा, एक मोठ्या बाई अर्धा ठेवतात तो. शेवंता, बावीस: माहेरची विहीर बावीस हात, लग्न होईपर्यंत रोज ओढलं. गंगूबाई, त्रेसष्ट: छत्तीसमध्ये दोघांच्या पाठी एकमेकांकडे, त्रेसष्टमध्ये तोंडं, जाऊ बोलायला लागली त्या दिवसापासून. शिंदे पोस्टमन, शून्य: पिशवीत एकही तार नसली की दारात उभं राहायला भीती वाटत नाही.

मी वाचत गेले. चार पानं झाली तरी मला कोणी थांब म्हणेना. शेवंता रोज आमच्या दारावरून जायची आणि मी तिच्याशी भाव सोडून काही बोलले नव्हते, हे मला वाचतानाच जाणवलं आणि लाज वाटली. चिटणीस हळूच म्हणाले, "मला अठरा आवडतो," आणि लगेच खोकले.

दादासाहेबांनी घसा साफ केला. जुगाराचा पुरावा दिसत नाही, नोकरी कायम राहील, पण शाळेची अब्रू जाता कामा नये, असं म्हणून त्यांनी ठराव सांगितला आणि मी लिहून घेतला: 'सामंतबाईंनी यापुढे कोणासही आवडता आकडा विचारू नये. वही अध्यक्षांकडे जमा करावी.' दुसऱ्या दिवशी पक्की प्रत त्यांच्या घरी न्यायची, त्यावर बाईंनी आणि त्यांनी सही करायची, असं ठरलं.

मला हायसं वाटलं. इंदू मात्र घरी जाताना पावलं मोजत नव्हती. नोकरी वाचली होती, पण यापुढे माणूस भेटला की हिनं काय करायचं? हवापाणी विचारायचं? ते तिला येतच नव्हतं.

मी पुढच्या जूनमध्ये नागपूरला गेले, संसारात पडले, आणि इंदूची माझी भेट पत्रांतूनच राहिली. म्हणून ती माझ्या मनात आहे ती त्या रविवारची.

दादासाहेबांच्या बंगल्याच्या वाटेवर तिनं पक्की प्रत वाचायला घेतली आणि रस्त्यातच थबकली. "शालू, यात चूक आहे."

"कुठं?"

"इथं 'आकडा' लिहिलंय. आकडे दहाच असतात गं, शून्य ते नऊ. बावीस, त्रेसष्ट या संख्या. मी लोकांना आकडा म्हणायचे, कारण भाजीवालीला संख्या म्हटलं की ती घाबरते. पण ठरावात असं चालायचं नाही. दुरुस्त कर."

माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं वेडे, ही चूक तुझ्या बाजूची आहे! आकडा विचारू नये म्हटलंय, संख्या विचारू नये असं कुठं म्हटलंय? गप्प बस आणि सही कर!"

"चूक ती चूक," इंदू म्हणाली. तिच्या कपाळावर आठी आली होती. मी तिला हात जोडले, शपथ घातली. फाटकातून आत जाईपर्यंत मी तिला चिमटे काढत होते.

दादासाहेब ओसरीवर बसले होते. बागेतले चिकू नुकतेच उतरवले होते, एक टोपलीभर शेजारी ठेवले होते. टेबलावर निळी वही होती. त्यांनी प्रत वाचली, पेन उघडलं, आणि इंदू म्हणाली, "दादासाहेब, ठरावात एक चूक आहे." मी डोळे मिटून घेतले.

तिनं सगळं सांगितलं. आकडे किती, संख्या किती, आणि हा ठराव असाच राहिला तर तिला खुशाल संख्या विचारत फिरता येईल, तेसुद्धा सांगितलं. पाढा म्हणावा तसं स्वच्छ सांगितलं.

दादासाहेब पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघत होते. "तुमच्या हिताची आहे ना ही चूक?"

"हो."

"मग सांगितलीत कशाला?"

"चूक होती म्हणून," इंदू म्हणाली.

दादासाहेबांनी ठरावाखाली सही केली, कागद टिपला आणि म्हणाले, "सभेत मंजूर झालेल्या ठरावात अध्यक्षालाही शब्द बदलता येत नाही." आणि वही तिच्याकडे सरकवली. "ही जमा झाली. आता घेऊन जा. त्याआधी एक नोंद करा. पस्तीस."

इंदूनं पेन घेतलं. "कारण?"

"मॅट्रिकला गणितात मिळाले. तिसऱ्या खेपेला." ते छताकडे बघू लागले. "आवडता वगैरे नाही. पण मोठ्या बाई, चिटणीस, सगळ्यांनी सांगितलं. मला हाच आठवतो. चाळीस वर्षं झाली, कोणाला सांगितलेला नाही."

मला वाटलं, आता ही धीराचं काहीतरी बोलेल. पण इंदूच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली होती. "पस्तीस!" ती म्हणाली आणि उठून तिनं चिकूंची टोपली ओढली. जमिनीवर बसून तिनं पंधरा चिकूंचा त्रिकोण मांडला. चिकू घरंगळायला लागले, तशी ती वर न बघता म्हणाली, "धरा हो जरा!" आणि आमच्या शाळेचे अध्यक्ष, निवृत्त शिरस्तेदार, धोतर सावरत खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी तो खालचा थर कवेत धरला. त्यावर तिनं दहा ठेवले, त्यावर सहा, त्यावर तीन. शेवटचा एक चिकू शेंड्यावर बसवला आणि हात झटकले.

"बघा. पंधरा, दहा, सहा, तीन, एक. पस्तीस झाले की रास पुरी होते. वर शिखर, कुठून बघितलं तरी नीट. फार थोड्या संख्यांना जमतं हे."

दादासाहेब हात न काढता त्या राशीकडे बघत राहिले. "म्हणजे तशी वाईट नाही म्हणायची?"

"वाईट? दादासाहेब, चौतीस असते ना, तर शेंडा रिकामाच राहिला असता."

"ते ठाऊक आहे मला," दादासाहेब म्हणाले. "आधीच्या दोन्ही खेपांना चौतीसच होते."